आग्या मोहोळ आणि पळसावरची लाख

तक्त्याला मी दोन रकाने आखले होते. डावीकडे आग्या माशी, उजवीकडे लाखेचा किडा. कडेला एकाखाली एक शब्द लिहिले: पाय, पंख, घर, अन्न, आयुष्य, उपयोग, शत्रू. भुसावळला शाळांचे विज्ञान प्रदर्शन भरणार होते आणि ‘आपल्या परिसरातील दोन भिन्न कीटक’ हा विषय माझ्या वाट्याला आला होता. सपाटीवरच्या शाळांनी फुलपाखरू, मुंगी, झुरळ असे काही घेतले असणार. माझी शाळा चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायाशी, साग-पळसाच्या रानात होती. तिथे हे दोन कीटक माणसांचे पोट भरत. म्हणून मी तेच घेतले.

साठीच्या दशकाची ती शेवटची वर्षे. एकशिक्षकी शाळा, कुडाच्या भिंती, वर कौले. खडू, हजेरी, दुधाची भुकटी, कंदिलाचे रॉकेल, सगळे माझ्याकडेच. याद्या करायची सवय मला तिथे लागली. आठवड्यातून एकदा चोपड्याला जाणारी बैलगाडी मिळे. काही विसरले तर पुढच्या गाडीपर्यंत त्यावाचून राहायचे. धुळ्याच्या घरी मी विसराळू म्हणून प्रसिद्ध होते. पायथ्याशी राहून सहा महिन्यांत सुधारले.

बाईमाणूस एकटे नको म्हणून पाड्यावरच्या लोकांनी मला एका जोडप्याच्या घराची पडवी दिली होती. नवरा तिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. त्याला मी भाऊ म्हणे. बायको माझ्याच वयाची. तिला वहिनी. आपसांत ते त्यांच्या बोलीत बोलत, माझ्याशी अहिराणीत. तिचा धाकटा भाऊ चार घरे पलीकडे राही आणि जेवायला बहुतेक इकडेच असे.

भाऊ मध काढी. गावाच्या वरच्या बाजूला एक कडा होता, काळा, वरून पुढे झुकलेला. फाल्गुनात पळस फुलला की आग्या माश्या कुठूनतरी येत आणि त्या झुकलेल्या खडकाला पोळी लावत. लांबून पाहिले तर खडकावर कोणी ओली घोंगडी वाळत टाकलीये असे वाटे. जवळ गेले की ती घोंगडी हले. वरून ससाण्याची सावली गेली की पोळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट जाई. हजारो माश्या एकामागून एक शेपट्या उचलत. त्याचा आवाज येई, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा. मी पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा वहिनीचा भाऊ शेजारी होता.

“मोजी ऱ्हायन्यात आपले,” तो म्हणाला.

“कशाला?”

“बाई, पाहुणा किती येनात ते समजाले नको का?”

तो सगळ्या गोष्टींची थट्टा करी. फक्त दोराची नाही.

दोराचा नियम असा होता: कड्यावरून खाली उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानेच धरायचा. सख्खा भाऊ नाही, बाप नाही, मित्र नाही. सख्ख्या भावाला वाटणी दिसते, असे ते उघड बोलत. बायकोच्या भावाला मात्र बहिणीचे कपाळ दिसते. दुसरा नियम हाकेचा. माणूस दोरावर असताना खालून कोणी त्याला हाक मारायची नाही. हाक आली की माणूस खाली बघतो. खाली बघितले की अंग फिरते, आणि तेवढ्यात माश्या चेहऱ्यावर बसतात. वहिनीचा बाप त्याच कड्यावरून पडला होता. खालून हाक आली होती. कोणी मारली हे तिने मला कधी सांगितले नाही. तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती, एवढेच सांगितले.

म्हणून तिला लाख हवी होती.

लाखेचा किडा मी पहिल्यांदा पाहिला तो दिवाळीनंतर. वहिनीने यावल बाजूच्या नातलगांकडून लाखेने मढलेल्या काड्या आणल्या होत्या, त्यांच्या जुड्या करून पळसाच्या कोवळ्या फांद्यांना बांधल्या होत्या. काही दिवसांनी तिने मला बोलावले. जुडीतून कुंकू सांडल्यासारखे काहीतरी फांदीवर पसरत होते. मी शाळेचे भिंग नेले होते. त्यातून पाहिले तर त्या कुंकवाला पाय होते. टाचणीच्या टोकापेक्षा बारीक लाल जीव घाईघाईने फांदी चढत होते, जागा शोधत होते. दोन-तीन दिवसांत सगळे थांबले. ज्याने त्याने जिथे जागा धरली तिथे सोंड सालीत रोवली आणि अंगातून पाझरणारा चिकट रस स्वतःभोवती घट्ट होऊ दिला. मग पाय झडले. मी भिंगातून पुनःपुन्हा पाहिले. मादीला पाय राहत नाहीत, डोळे राहत नाहीत, पंख तर येतच नाहीत. स्वतःच केलेल्या कवचात ती जगते, अंडी घालते आणि तिथेच मरते. त्या कवचाची लाख होते. चोपड्याच्या बाजारातले राजस्थानी शेठजी ती घेत. त्यांच्याच घरातल्या बायकांच्या मनगटांवर तिचे चुडे असत.

मी तक्त्यात लिहिले, ‘आग्या माशी दूरवर उडते, संकट आल्यास जागा सोडते.’ समोर लिहिले, ‘लाखेचा किडा जागा सोडू शकत नाही.’ वहिनीला वाचून दाखवले.

“बराबर शे,” ती म्हणाली. “पाय गयात. आते तठेच जगानं, तठेच मरानं.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “पन बाई, त्याले कोनी दोरवर टांगत नही.”

तिचा हिशेब सरळ होता. पावसाच्या तोंडाशी लाख पिकली की ती विकायची, बी राखून पुढच्या साली आणखी पळसांवर लाख लावायची, आणि भाऊने कडा सोडायचा. त्याने तसा शब्द दिला होता. माझ्यासमोर दिला होता, चुलीजवळ बसून, भाकरीचा तुकडा हातात धरून.

आता तिने ही लाख कुठे लावली ते सांगायला हवे. पुढचे सगळे त्यावर आहे.

लाख चोरीला जाते. पिकायला आलेली फांदी कोयत्याने तोडून न्यायला एक क्षण पुरतो, आणि रानातल्या पळसावर नाव कुणाचे लिहिलेले नसते. आदल्या वर्षी तिने ओढ्याकाठी थोडी लावली होती, ती एका दुपारी कोणीतरी नेली. म्हणून यंदा तिने कड्याच्या पूर्वेच्या बाजूखालची पळसाची झाडी निवडली. माश्या पश्चिमेच्या बाजूला पोळी लावत. पण पूर्वेच्या टोकालाही एखाद-दुसरे पोळे असेच. आग्या मोहोळाखाली दिवसाढवळ्या कोयता चालवायची कोणाची छाती नाही. घाव घातला, फांदी हादरली, घामाचा वास वर गेला की संपलेच. लाखेला राखणदार हवा होता, आणि तो तिने फुकटात मिळवला होता. मला ही युक्ती फार आवडली. मी तशी तिला शाबासकीही दिली. एका किड्याने दुसऱ्याची राखण करायची, यात एक नेटकेपणा होता. भाऊ दरसाल पश्चिमेची पोळी काढी. तिथे खाली नुसता खडक आणि कोरड्या ओढ्याचे गोटे. त्यामुळे पूर्वेच्या झाडीला त्याच्या कामाचा काही त्रास नव्हता.

त्या साली माश्या आल्या त्या सगळ्या पूर्वेला बसल्या.

का, ते कोणालाच सांगता आले नाही. पश्चिमेची बाजू रिकामी, पांढरट डाग पडलेली, जुन्या मेणाचे काळे चट्टे तेवढे शिल्लक. पूर्वेला मात्र एकाला एक लागून घोंगड्या. चैत्रात त्यांचा गुणगुणाट शाळेपर्यंत ऐकू येऊ लागला. मुले पाढे म्हणताना मध्येच थांबत आणि खिडकीकडे बघत. एक म्हातारी रोज सकाळी कड्याकडे तोंड करून हात जोडी आणि काही पुटपुटे. काय म्हणते विचारले तर पश्चिमेच्या बाजूकडे बोट दाखवून म्हणाली, “काही नही बाई, राहा म्हनस, पन आठे नको.”

खाली पळसांच्या फांद्यांवर लाख चढत होती. फांदीभर मोहरीएवढे फुगवटे, त्यांतून कापसासारखे पांढरे बारीक तंतू निघालेले, आणि खालच्या पानांवर त्यांच्या पाझराचा चिकट काळसर थर. ऊन पडले की त्या झाडीला गोडसर, जड वास येई. वरून आवाज, खालून वास. मी तिथे फार वेळ थांबत नसे.

वैशाख लागला आणि भाऊने दोर काढला.

त्या दुपारी ते दोघे आणि वहिनीचा भाऊ अंगणात होते आणि मी पडवीत वह्या तपासत होते. वहिनी धान्य पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले.

“तू सबद देयल शे.”

“लाख आल्यावर, असं सांगेल व्हतं,” भाऊ म्हणाला. “लाख आजून झाडवर शे.”

“झाडवर शे म्हनीसन तं सांगस. तू वरथीन इस्तूना ठिनग्या पाडशी आनी मी खाले काय करू?”

 भाऊने मग कड्याचा हिशेब मांडला. कड्याचा हक्क दोराचा असतो. ज्या घराचा दोर दरसाल तिथे पडतो, कडा त्या घराचा. एक साल दोर पडला नाही तर पुढच्या पाड्यावरचे लोक आपला दोर टाकायला मोकळे. ते येतीलच, कारण इतकी पोळी एका जागी कोणी पाहिली नव्हती. ते आले तर तेही गवताची चूड पेटवतील, तेही ठिणग्या पाडतील, आणि त्यांना खालच्या लाखेची काय पडली आहे?

“मी पाडसू तं सांभाळीसन पाडसू,” तो म्हणाला.

वहिनीने भावाकडे पाहिले. तो दोराचा पीळ बोटांनी चाचपत होता.

“तू काय म्हनस?”

“मी काय म्हनू अक्का? दाजी चढना तं मी दोर धरसू. नही चढना तं तुनी भाकर खासू.”

“भाकर तं तू तसाबी खास.”

तो हसला. ती हसली नाही. पण सूप पुन्हा उचलले. म्हणजे कबूल झाले.

मध कसा काढतात हे थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचे कळणार नाही. दिवस मावळताना, उजेड अगदी जाण्याच्या बेतात असताना माणूस दोरावरून पोळ्याच्या पातळीला उतरतो. हातात वाळल्या गवताची आणि ओल्या पाल्याची चूड असते, धुमसणारी. आधी धूर देतो. मग चूड पोळ्याच्या वरच्या खडकावर आपटतो. ठिणग्यांचा झोत खाली पडतो आणि माश्या त्या उजेडामागे खाली झेपावतात. वर पोळे उघडे पडते, ते तो बांबूच्या पात्याने कापतो आणि डब्यात घेतो. माश्या खाली गवतात, ठिणग्या विझलेल्या जागी, घोंघावत राहतात. म्हणून कड्याखाली त्या वेळी कोणी उभे राहत नाही. पश्चिमेला हे बरोबर जमे, कारण खाली खडक होता.

पूर्वेला खाली गवत होते. वैशाखातले, कमरेएवढे, हात लावला तर मोडणारे.

मी त्यावर विचार केला आणि जे करता येण्यासारखे होते ते लिहून काढले. गवत कापून पट्टा मोकळा करणे. पाण्याचे हंडे झाडीच्या कडेला. ओली पोती. हिरव्या फांद्या. चार माणसे. वहिनीला ते पटले आणि आम्ही दोघी व आणखी काही बायकांनी तीन सकाळी गवत कापले. झाडीच्या बाहेरच्या कडेपासून आत कापत गेलो. पण कड्याच्या बुडाशी, जिथे ठिणग्या पडणार तिथे, जाता येईना. विळ्याचा आवाज वर गेला की घोंगडीवर लाट उठे, तो तवा चरचरे, आणि दोन-चार माश्या खाली येऊन आमच्या डोक्यांभोवती फिरत. तिसऱ्या दिवशी एका बाईच्या कानाला चावा बसला आणि सगळ्या पळाल्या. आतला पट्टा तसाच राहिला. ज्यांना राखणीला ठेवले होते ते आम्हालाही आत घेत नव्हते.  मी वहिनीला म्हटले, आपण बाहेरून तर तयार आहोत. ती म्हणाली, “हां बाई.” आणि कड्याकडे पाहत राहिली.

तो दिवस आला. त्या घरात सकाळपासून चूल पेटली नाही, तसा रिवाज होता. सगळ्यांनी शिळी भाकरी खाल्ली. भाऊ आणि त्याचा मेव्हणा दुपारी मागच्या वाटेने कड्याच्या माथ्यावर गेले. जाताना मेव्हणा मला म्हणाला, “बाई, तुमना तक्तामा मनं चित्र काढा. दोन किडा शेत, तिसरा मी.” वहिनीने त्याच्या पाठीत धपाटा घातला.  नवऱ्याने डोक्याला गुंडाळलेले फडके तिने पुन्हा सोडून घट्ट बांधले.

झाडीपासून हाकेच्या अंतरावर, शेताच्या बांधावर आम्ही उभे राहिलो. हंडे भरलेले, पोती भिजवलेली, चार पुरुष घोंगड्या घेऊन. ऊन उतरले. वारा पडला होता. हे चांगले, असे कोणीतरी म्हणाले. कड्याच्या तोंडावर एक काळी रेघ खाली सरकू लागली, तिच्या टोकाला माणूस. इतक्या लांबून तो मुंगळ्याएवढा दिसत होता. मग धुराचा एक तंतू. मग पहिला झोत.

ठिणग्या पडताना सुंदर दिसतात हे मी नाकारत नाही. खडकावरून लाल पाणी सांडावे तशा त्या उतरल्या, आणि त्यांच्यामागे एक काळी सावली उतरली. आवाज आमच्यापर्यंत आला तेव्हा माझ्या हातावरचे केस उभे राहिले. ठिणग्या झाडीच्या मागे गेल्या, विझल्या. पुन्हा झोत. पुन्हा विझल्या. तिसऱ्या झोतानंतर झाडीमागे एक ठिपका विझला नाही.

तो बिडीच्या टोकाएवढा होता. मी त्याच्यावर डोळे रोखून उभी राहिले. आता जाईल, आता जाईल. तो रुंद झाला. त्याच्या उजेडात पळसाचे एक खोड दिसू लागले.

वर भाऊला ते दिसणे शक्य नव्हते. कडा झुकलेला, त्याचे तोंड खडकाकडे, आणि भोवती धूर. माथ्यावरच्या मेव्हण्याला तर खालचे काहीच दिसत नव्हते. चूड आपटणे थांबवा, एवढे त्यांना कळले असते तर आणखी ठिणग्या पडल्या नसत्या. एका ठिपक्यावर कदाचित निभावले असते. हे मला जितक्या वेळात सुचले तितक्याच वेळात मी तोंड उघडले.

वहिनीचा तळवा माझ्या तोंडावर बसला. इतक्या जोराने की दात ओठांत रुतले. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती दोराकडे पाहत होती. दुसरा हात तिने स्वतःच्या तोंडावर धरला होता.

चौथा झोत पडला.

पुरुष ओली पोती घेऊन धावले. आम्ही कापलेल्या पट्ट्यापर्यंत पोचले आणि थांबले. आगीच्या उजेडाकडे सगळ्या माश्या खाली आल्या होत्या. पहिल्याच्या घोंगडीवर त्या इतक्या बसल्या की घोंगडीचा रंग बदलला. तो ओरडला नाही, हाकेचा नियम त्यालाही माहीत होता. तोंड दाबून माघारी पळाला. पाण्याचे हंडे तसेच राहिले. माझी यादी पूर्ण होती. तिच्यातल्या एका गोष्टीलाही हात लावता आला नाही.

आम्ही बांधावरून बघत राहिलो. आग गवतातून फार मोठी झाली नाही, कापलेल्या पट्ट्याने तिला अडवले. पण आतल्या आत ती फांद्यांवर चढली. लाख पेटते तेव्हा आधी वितळते. पेटलेले थेंब फांद्यांवरून खाली गळू लागले, हळूहळू, एकेक, आणि ज्या ठिकाणी पडत तिथे नवे गवत पेटे. पोस्टात पार्सलाला सील करताना येतो तो वास रानभर सुटला. माश्या आगीवरून उठल्या, धुराबरोबर वर गेल्या, अंधारात नाहीशा झाल्या. त्यांना जाता आले. वहिनीचा हात माझ्या तोंडावरून कधी निघाला मला कळले नाही.  दोर वर सरकू लागला, काळी रेघ कड्याच्या कपाळाशी पोचली, आणि नाहीशी झाली, तेव्हा ती बांधावर बसली.

ते दोघे मागच्या वाटेने उतरून आले. भाऊच्या खांद्यावर मधाचे डबे, मनगटे सुजलेली. मेव्हण्याचा एक डोळा बंद झाला होता. माश्या माथ्यावरही गेल्या होत्या आणि दोन्ही हात दोराला असल्यामुळे त्याला तोंड झाकता आले नव्हते. भाऊने झाडीकडे पाहिले. डबे खाली ठेवले.

“आवाज काबर नही देना?” तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, मोठ्याने, “आवाज काबर नही देना तू? मी चूड टाकी देतो!”

“आनी खाले देखता,” वहिनी म्हणाली.

 मेव्हणा एका डोळ्याने एकदा बहिणीकडे, एकदा दाजीकडे बघत होता. मग तोही खाली बसला, आणि बहिणीने पदराने त्याच्या गालातले काटे काढायला सुरुवात केली.

सकाळी मी भिंग घेऊन तिच्याबरोबर गेले. झाडे सगळी उभी होती. पळस सहजी मरत नाही. बऱ्याच फांद्या जळलेल्या नव्हत्या, फक्त होरपळल्या होत्या, आणि त्यांवरची लाख दिसायला शाबूत होती. म्हणून आशा वाटली. पण लाखेत जीव आहे की नाही हे वरून कळत नाही. फुगवटा नखाने फोडायचा. आत ओला लाल रस निघाला तर किडा जिवंत. वहिनी फोडत गेली. तपकिरी भुकटी. पुढची फांदी, तपकिरी भुकटी. वरच्या फांद्या ती वाकवून धरी, मी फोडी. झाडामागून झाड. जे जिथे बसले होते ते तिथेच भाजले होते. दोन-तीनदा मला लाल दिसल्यासारखे झाले, ते माझ्याच ओठाचे रक्त बोटाला लागले होते.

झाडीच्या अगदी बाहेरच्या कडेला, आम्ही गवत कापले होते तिथल्या एका पळसावर तिच्या नखाला रस लागला. ती नख जवळ धरून बघत राहिली. मग त्या झाडाच्या दुसऱ्या फांदीवर, तिसऱ्या फांदीवर. एक झाड वाचले होते.

“हाई तोडानं नही,” ती म्हणाली. “बी राहू दे.”

एका झाडाच्या बियाण्यातून घर चालेल इतकी लाख व्हायला किती वर्षे लागतील हे मी विचारले नाही. तिने ते माझ्याआधीच मनात मांडले होते. तोवर कडा होताच. आणि पाच-सहा दिवसांत माश्या परत आल्या. त्याच खडकावर, कापलेल्या पोळ्यांच्या ओल्या मेणाशेजारी त्यांनी नवी पोळी धरली. सावली गेली की लाट उठे, तव्यावर पाणी पडे. खाली काळी झाडी. भुसावळच्या प्रदर्शनात माझ्या तक्त्याला बक्षीस मिळाले. ‘शत्रू’ या ओळीत दोन्ही रकान्यांत मी ‘माणूस’ लिहिले होते आणि परीक्षकांना ते विचारप्रवर्तक वाटले.

पुढच्या माघात माझी बदली नशिराबादला झाली. सामान बांधून झाले होते. दोन ट्रंका, वळकटी, कंदील, तक्त्याची गुंडाळी. गाडी यायला वेळ होता. वहिनी शाळेमागच्या चिंचेखाली दिसली, म्हणून निरोप घ्यायला गेले. फाल्गुन तोंडावर होता आणि भाऊसाठी तिने नवा दोर केला होता. जुना दोर तिने कोणाला विचारल्याशिवाय चुलीत घातला, तो कडक झालाय म्हणून. नवा तिने स्वतः वळला, अंबाडीचा, जुन्याच्या दीडपट जाड. तो तिने चिंचेच्या आडव्या फांदीला बांधला होता आणि दोन्ही हातांनी धरून ती लोंबकळत होती, गुडघे पोटाशी घेऊन.

“भाऊला कळलं का जुना जाळला ते?”

“कळनं.”

“काय म्हणाला?”

“काय म्हनी?” ती खाली उतरली. तळहात लाल झाले होते, ते लुगड्याला पुसले. मग तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, बाजारात तराजूकडे बघतात तसे. “बाई, मी हलकी शे. तुम्हीबी लटका.”

मी हसले. ती हसत नव्हती. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि दोर धरला. तिने मागून माझ्या कमरेला मिठी घातली आणि पाय उचलले. दोघींचे वजन दोरावर आले. फांदी करकरली, दोर जरासा खाली आला, आवळला, थांबला. माझ्या खांद्याजवळून मान मागे टाकून ती वर गाठीकडे बघत होती.

“आजून थांबा,” ती म्हणाली. “आजून.”